दोन पेढ्यांची भागी

३ एप्रिल १९४६, पाडवा. वाई

आज सकाळी काहिली घासल्या. चिंच आणि राख. दर पाडव्याला मीच घासतो, गड्यांच्या हाती देत नाही. हळद शिजवण्याचा हंगाम संपून त्या गावोगावाहून परत आलेल्या असतात — बुडाला काळ्या, काठाला पिवळ्या. तांबं दिसू लागलं की पेढीच्या अंगणात ओळीनं उपड्या घालायच्या, कुंकवाचं बोट ओढायचं, नमस्कार करायचा. हाताला अजून चिंचेचा वास आहे.

अंगण धुऊन होतंय तोवर सांगलीची मोटार आली. गुरुपाद शेटे उतरले. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. सांगलीच्या हळदबाजारात तीन पिढ्यांचं नाव, हरिपूरला नदीकाठी पेवं. काहिलींकडे बघून आमच्या मालकांना, पंतांना म्हणाले, "काय पंत, घरात लगीन काढलंय काय? एवढी भांडी!"

पंत हसले. "जुनी आहेत. पाडव्याची पूजा."

तेवढ्यावर विषय संपला. मीही काही बोललो नाही.

मग सह्या झाल्या. पंतांची वाईची पेढी आणि अण्णांची सांगलीची पेढी मिळून आजपासून एक कंपनी. आमच्याकडे माल आहे, साठवायला जागा नाही. त्यांच्याकडे पेवं आणि बाजार आहे, पण माल दलालांच्या हातून येतो. मधे फक्त हद्द — आम्ही इंग्रजांच्या मुलखात, ते संस्थानात. करार लिहिणाऱ्या वकीलसाहेबांनी कृष्णा-वारणेच्या संगमाचा दाखला दिला. सगळ्यांनी माना डोलावल्या. पंतांनी घर सोडून सगळं कंपनीत घातलं. मूलबाळ नाही, दम्यानं जीव थकला आहे. पुतण्या चिंतामण पुण्याहून वकिली शिकून आलाय, तो आमच्या बाजूचं बघेल.

संध्याकाळी ओझर्ड्याचा जोतिबा भेटला. नदीच्या पायरीवर बसून तंबाखू मळत होता.

"सांगलीकर आलं म्हनं. मग आता काय बदलनार?"

"काय न्हाई बदलनार."

"कोन म्हनतंय?"

"मी म्हनतोय की."

"मग झालं," म्हणाला, आणि तंबाखू तोंडात टाकली. पसरणीला, बावधनला, सगळीकडे मी हेच सांगितलंय. देवाच्या दारात बसून बोललोय. खरं ठरो.

२० एप्रिल. सांगली

पंतांनी मला काही महिने इकडे ठेवलं आहे. आमच्या बाजूचा माणूस इथे हवा म्हणून. साताऱ्याहून मोटार, कराडला दुसरी, मग हद्दीवरचा नाका. शिपायानं पिशवी उघडायला लावली. आत धोतर, पोथी आणि बायकोनं, राहीनं दिलेल्या भाकरी. "वाईचं काय आणलं?" म्हणाला. मी म्हटलं, "भूक." हसला, सोडलं.

निघताना राही म्हणाली, "तिकडं खोबरं लय घालत्यात जेवनात. पित्त होईल. आन् कुनाला उगं शब्द देत बसू नगा." शब्द कुठं देतो मी? ती म्हणते, सगळ्या गावांना देऊन बसलाय.

९ मे. सांगली

हरिपूरला गेलो होतो. पेवं पहिल्यांदाच पाहिली. दिसत काहीच नाही म्हणा — सपाट जमीन, मधे मधे शेणमातीनं लिंपलेली तोंडं. खाली घर मावेल एवढी पोकळी, तीत हळद. वर्षानुवर्षं राहते, किडा लागत नाही, वास जात नाही. ही माती दुसरीकडे कुठे नाही म्हणतात.

पेवांवरच्या हमालांचा मुकादम कृष्णात म्हणून आहे. छातीपर्यंत पिवळा माणूस. मला म्हणाला, "तुमी वरच्या अंगाचं. हळद लावनारं. आमी पुरनारं."

मी विचारलं, या पेवात माल कसा आहे?

त्यानं आजूबाजूला बघितलं. मग हळूच म्हणाला, "दिवाणजी, झाकल्या पेवाचं इचारत नसत्यात. मालकानं सांगितलं तेच आत." एकेक पेव तीन-तीनदा विकलं जातं आणि तोंड उघडत नाही. पिढ्यान् पिढ्या. शब्दावर.

मला फार बरं वाटलं. आमच्यासारखीच माणसं आहेत ही. भाव सुद्धा बोलत नाहीत — रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबतात. किती दिले, कुणी दिले, तिसऱ्याला कळत नाही.

परत येताना संगमावर आंघोळ केली. हे पाणी काही दिवसांपूर्वी वाईच्या घाटावर असेल. होडीवाल्याला वकिलांचं भाषण सांगितलं, तर तो म्हणाला, "संगम झाला की वारणेचं नाव जातंय, दिवाणजी. पुढं निस्ती किष्णा. तुमच्यात वारना कोन?"

आम्ही समजतो, वारणा ते. ते समजतात आम्ही.

४ जून. सांगली

चिंतामण आला आहे. त्याला पेवं उघडून माल बघायचा आहे. "कंपनी एक झाली, मग आपलं काय आहे ते डोळ्यांनी बघायला नको? नुसतं तोंडी कोण धरतं?" चुकीचं बोलतो असंही वाटत नाही. गादीवर अण्णा बसले होते. त्यांनी पानाचा देठ खुडला, चुना लावला, विडा केला, तोंडात घातला. मग म्हणाले, "बगा की. तुमचंच हाय."

मला वाटलं, अण्णांची हरकत नाही.

७ जून

अण्णांची चार पेवं उघडली. आधी दिवसभर तोंडं मोकळी ठेवली, आतली कोंडलेली हवा माणूस मारते. मग कंदील सोडला. तो विझला नाही तेव्हा माणसं उतरली. कृष्णात काठावर उभा राहून मला ऐकू येईल एवढंच म्हणाला, "सुनेचा पदर सासऱ्यानं उचलून बघायचा — लय चांगली रीत काढली वाईकरांनी."

हळद सोन्यासारखी निघाली. अण्णांनी सांगितली तेवढी आणि तशीच. चिंतामण खूष. अण्णांना म्हणाला, "पाहा, आता शंकाच उरली नाही."

अण्णा म्हणाले, "शंका हुती व्हय?"

त्यांचं तोंड बघवेना. मी धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसत बसलो.

११ जून

हवा ओली झाली आहे. एकदा वारा लागलेली हळद पुन्हा पुरता येत नाही. पोत्यांत भरून वखारीत ठेवली आहे. विकली पाहिजे.

२७ जून

कुणी घेत नाही. बाजारात एकच बोलणं — शेट्यांनी भर मिरगाला पेवं उघडली. कोण उघडतं या दिवसांत? एक तर अडलेला, नाही तर आत माती असलेला. जुने दलाल रुमाल खांद्यावर टाकून समोरून जातात. रामराम करतात, हात पुढे करत नाहीत. तीन पिढ्यांचं नाव होतं. एका दिवसाच्या उन्हात वाळलं.

आज धीर करून अण्णांना विचारलं — तुम्ही तेव्हा नाही का म्हटलं नाही?

"न्हाई म्हटलं असतं तर तुमी काय म्हटला असता? पेवात खोट हाय, म्हनूनच न्हाई म्हनतोय." थोड्या वेळानं म्हणाले, "मला वाटलं, पंत थांबवतील त्याला. जानते हायत."

पेवं उघडण्याआधीच पंतांनी मला वाईहून निरोप धाडला होता — अण्णांना चालत नसेल तर तेच सांगतील, आपण कशाला मधे पडा.

दोघे एकमेकांची वाट बघत राहिले.

१४ जुलै

आजही सौदा नाही.

३० जुलै

पोत्यांत किडा. कृष्णातनं मूठभर हळद हातावर घेऊन फुंकली, भुसा उडाला. त्याची थट्टा बंद झाली आहे, ते मला जास्त लागतं.

१२ सप्टेंबर. वाई

गौरी-गणपतीनंतर घरी आलो. अंघोळ करून पेढीवर गेलो. अंगण मोकळं.

काहिली नाहीत.

गड्याला विचारलं तर म्हणाला, "सांगलीची लारी आली हुती. तांबं महाग झालंय म्हनं. मिरजेच्या तांबटानं घेतली सगळी."

पंत झोपाळ्यावर बसले होते. मी विचारलं, तुम्ही इथेच होतात?

"होतो."

"मग?"

"अण्णांनी कळवलं होतं. भांडी पडून आहेत, मोडून टाकतो, पेवांमुळे हात अडलाय. आता पेवं आपल्या चिंतामणनं उघडलेली. कोणत्या तोंडानं नाही म्हणू?"

"पन पंत, काहिली कशासाठी हायत ते तरी—"

"काय सांगू कोंडिबा? आम्ही गावांना फुकट भांडी देतो म्हणून सांगू? वडिलांनी कधी तोंडातून काढलं नाही. दिलेलं बोलून दाखवलं की ते दिलेलं राहत नाही."

खरंच आहे ते. सबंध खोऱ्यात कुणी कधी बोललेलं नाही. माघात काहिली गाडीत घालून निघायच्या. एका वस्तीवर हळद शिजली की पुढच्या वस्तीची बैलं येऊन ओढून नेणार. भाडं नाही, कागद नाही. आणि चैत्र आला की त्या सगळ्या वस्त्यांची हळद आमच्या दारात. ये म्हणून कुणी सांगितलं नाही, येतो म्हणून कुणी कबूल केलं नाही. पंतांची पेढी म्हणजे गादी नव्हे, तिजोरी नव्हे. ती अंगणात उपडी घातलेली असायची. सांगलीच्या माणसाला ते कसं दिसावं? त्यांना तांबं दिसलं.

पाडव्याला अण्णांनी विचारलं होतं. तेव्हा मी शेजारीच उभा होतो, हातात चिंच.

५ ऑक्टोबर, दसरा. वाई

ओझर्ड्याला सोनं द्यायला गेलो. जोतिबानं पाया पडून आपट्याची पानं हातात दिली. बायकोनं कडाकण्या आणून ठेवल्या. त्याची म्हातारी आत्या अंबूबाई दारातूनच म्हणाली, "काहिली इकल्या म्हनं पंतांनी. आता हळद काय डोईवर शिजवायची का रं?"

"येतील दुसऱ्या," मी म्हटलं.

"कोन म्हनतंय?" जोतिबा.

आणि मी पुन्हा म्हटलं, "मी म्हनतोय."

राही म्हणते ते खरं आहे. मला नाही म्हणता येत नाही.

२१ नोव्हेंबर. सांगली

आज अण्णांना सगळं सांगितलं. मोठ्यानं. माझ्या तोंडून ते शब्द निघताना लाज वाटली, जणू पंतांच्या वडिलांचं उघडं अंग कुणाला दाखवतोय. काहिली म्हणजे काय, कुठे फिरतात, हळद का येते — सगळं.

अण्णा ऐकत राहिले. मग कपाळावर हात ठेवून म्हणाले, "आदी बोलायचं न्हाई का हो? त्या दिवशी मी इचारलं की. लगीन हाय का म्हनून."

"बोलायचं नसतं आमच्यात."

"आमच्यात बी न्हाई," म्हणाले. मग त्यांनी चहा मागवला. "नव्या करू. तांब्याच्या झेपायच्या न्हाईत, लोखंडी करू. माघाला तुमच्या वस्तीवर पोचत्या करतो. बसवान्नाची शप्पत."

अण्णा वाईट माणूस नाही. चिंतामणही नाही. हे कळायला मला आठ महिने लागले. आज गणपतीच्या देवळात जाऊन नुसता बसून राहिलो. काही मागितलं नाही.

१४ जानेवारी १९४७, संक्रांत. वाई

काहिली आल्या! लोखंडी, जड, पण मोठ्या. अण्णांनी शब्द पाळला. तीळगूळ खिशात घालून पहिली काहील ओझर्ड्याला मीच घेऊन गेलो. वस्तीवरची पोरं गाडीमागून पळत आली.

गाडीवानानं काहील उतरवली आणि लारीवाल्यानं दिलेला कागदांचा गठ्ठा माझ्या हातात दिला. प्रत्येक काहिलीमागे एक कागद, शेतकऱ्याचा अंगठा घ्यायचा. चिंतामणनं केलेला. काहील वापरणारानं आपली सगळी हळद कंपनीलाच घालायची, माल सांगलीत पोचेल त्या दिवशी कंपनी ठरवील त्या भावानं. हद्दीवरची जकात शेतकऱ्याकडे. आजवर ती पंत भरायचे, कुणाला माहीत सुद्धा नव्हतं.

जोतिबा म्हणाला, वाच. मी वाचलं. सगळं वाचलं, काही गाळलं नाही.

वस्तीवरची माणसं ऐकत होती. अंबूबाई म्हणाली, "म्हंजे आदी काहील दिली तवा आमी हळद पळवून नेत हुतो व्हय रं?"



जोतिबा कागदाकडे बघत होता. त्याला वाचता येत नाही. मग म्हणाला, "आजवर कागद न्हवता म्हनून येत हुतो. आता कागद आला म्हंजे तुमचा इस्वास उडाला. पन तू म्हनालास न्हवं, काय बदलनार न्हाई म्हनून?"

"व्हय."

"मग तुज्याकडं बगून देतो अंगठा. आन शाई."

मी म्हटलं, शाई आणायला विसरलो. दौत खिशात होती.

१८ जानेवारी. वाई

कागद मागे घ्या म्हणून अण्णांकडे माणूस धाडला होता. निरोप आला — कागद चिंतामणनं केलाय, मी त्याच्याशी आता भांडत नाही. पेवाच्या वेळी त्यानंच शिकवलं, तोंडी काय धरायचं नाही. ते मी शिकलो.

२३ जानेवारी. वाई

पंतांनी बोलावलं. धाप लागली होती, पाठीला लोड लावून बसले होते.

"कोंडिबा, यंदा माल आला नाही तर कंपनी उरत नाही. माझं सगळं तिच्यात आहे, तुला माहीत आहे."

"व्हय, पंत."

"तू सांगितलंस तर ते अंगठा देतील?"

"देतील. माझ्याकडं बघून देतील."

"मग?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मी पोरगा असताना या घरात आलो. गावच्या शाळेत चार इयत्ता झालेल्या. हिशेब यांनी शिकवला. माझ्या लग्नात हे अंतरपाट धरायला उभे होते. यांनी कधी मला काम सांगितलं नाही, नेहमी "बघशील का" म्हणाले. आज प्रथमच म्हणाले, "एवढं कर माझ्यासाठी."

घरी येऊन पोथी उघडली. एक ओळ पुढे गेली नाही.

२८ जानेवारी

कागद पिशवीत तसेच आहेत. पसरणीहून निरोप — हळद काढून झाली, काहील कधी देता? बावधनहूनही. त्यांनाही मी एप्रिलमध्ये सांगितलं होतं. सगळे माझ्याकडे बघूनच देणार. कागद वाचून एकही देणार नाही.

म्हणजे या कागदाला मोल आहे ते माझ्यामुळे. मी मधे नसलो तर तो नुसता कागद.

३१ जानेवारी

राहीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, वर बघितलं नाही.

"पंतांचं वाटोळं हुईल."

"व्हय."

"आन् आपलं बी. तुमाला कोन ठेवनार मग?"

"कुनी न्हाई."

खडे बाजूला करत राहिली. मग म्हणाली, "पन शब्द पंतांनी न्हवता दिला. तुमी दिलाय." आणि सूप घेऊन आत गेली. घरचा आधार जाणार, तरी तिनं मला मोकळं केलं, ते तिला कळतं. मलाही.

२ फेब्रुवारी

पहाटे नदीवर. पाणी थंड, मन नाही. देवाला विचारलं — दोन्हीकडची माणसं चांगली असताना हे असं का झालं? त्यांच्यात झाकलेलं विचारत नाहीत, आमच्यात दिलेलं बोलत नाहीत. दोन्ही रीती चांगल्या. आपापल्या गावात. एकत्र आल्या तेव्हा प्रत्येकानं दुसऱ्याची रीत मोडली, आणि मोडली हे सुद्धा मागून कळलं. मग दोघांनी मिळून कागद धरला, कारण तेवढाच दोघांना वाचता येत होता.

पण आज भीती कमी आहे.

९ फेब्रुवारी. वाई

काल सकाळी पंतांच्या घरी गेलो. अंगठे न घेतलेले कागद त्यांच्यापुढे ठेवले आणि काय करणार ते सांगितलं. डोळे मिटून ऐकलं. "जा," म्हणाले. पाया पडलो तेव्हा डोक्यावर हात ठेवला नाही.

मग ओझर्डे, पसरणी, बावधन. दारोदार सांगितलं — माझा शब्द मी मागे घेतला. माझ्याकडे बघू नका. मडक्यात शिजवा, दुसऱ्याची काहील आणा, हळद मनाला येईल तिथे घाला. जोतिबानं दोनदा विचारलं, खरंच का. खरंच, म्हटलं.

एकाही गावानं अंगठा दिला नाही. मी देऊ दिला नाही.